चढावरचं नाव

मुकुंदराव चिकोडीकरांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, आणि भांडण मी काढलं होतं. जर्मनीत झिंडेलफिंगेनला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. आमच्या बिल्डिंगमध्ये केअरवोखं नावाचा प्रकार होता. दाराला पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना त्या बिऱ्हाडाने पुसायचा. तळमजल्यावरच्या बाईंनी माझ्या पुसण्यात एकदा खोट काढली होती, म्हणून त्या शनिवारी मी ईर्ष्येने चारही मजले गुडघ्यांवर बसून लख्ख केले. कंबर धरून उठते आहे तोच वरून एक गृहस्थ दोन्ही हातांत बादल्या घेऊन उतरले, आणि पायरीपायरीवर पांढरा ठिपका पडत गेला.

"अहो, डोळे आहेत की बटणं?" मी चक्क मराठीत ओरडले. रागात मला जर्मन सुचत नसे.

गृहस्थ थांबले. "चुना आहे, वहिनी," ते शांतपणे मराठीतच म्हणाले. "पाण्यानं जातो." मग बादल्या खाली ठेवल्या, खिशातला रुमाल ओला करून आणला, चौथ्या मजल्यापर्यंत परत चढले आणि एकेक ठिपका पुसत खाली आले. शेवटच्या पायरीवर डोकं तिरकं करून उजेडात पाहिलं. तिथे माझाच राहिलेला एक डाग त्यांना सापडला, तोही पुसला.

"एवढा चुना कशाला लागतो तुम्हाला?" मी विचारलं. माझा राग तोवर अर्धा उतरला होता.

"रस्त्यावर नाव लिहायला," ते म्हणाले आणि बादल्या उचलून निघून गेले. हा माणूस वरच्या मजल्यावर राहतो आणि माझ्या नवऱ्याच्याच कारखान्यात आहे, हे मला संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने, शैलाताईंनी, शंकरपाळ्यांचा डबा पाठवला. त्या डब्याने आमची मैत्री झाली.

मुकुंदराव मूळचे मिरजेचे. वडील दुकानांचे बोर्ड रंगवायचे. त्यामुळे यांच्या हातात अक्षर होतं, आणि ते अक्षर सायकलच्या शर्यतींसाठी खर्ची पडत होतं. मोठ्या शर्यती डोंगरातून जातात तेव्हा तिथले शौकीन आपल्या लाडक्या स्वाराचं नाव रस्त्यावर रंगवतात, ही तिकडची जुनी चाल. सगळे रोमन लिपीत लिहायचे, हे देवनागरीत. "वर हेलिकॉप्टर असतं ना, वहिनी, कॅमेरावालं. मिरजेत माझा भाऊ टीव्हीला डोळे लावून बसलेला असतो. त्याला नाव दिसलं की मी कुठं उभा आहे ते कळतं." चढावर अक्षरं नेहमीच्या दुप्पट उभट काढावी लागतात, नाहीतर सायकलवरून ती चेपलेली दिसतात, हे त्यांनी मला चहाच्या टेबलावर सांडलेल्या साखरेत काढून दाखवलं होतं. मला सायकलिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी मी ऐकत बसायची, कारण सांगताना तो माणूस सुंदर दिसायचा.

एरवी दिसायला काही नव्हतं हो. टक्कल, बारीक मिशी, गुडघ्याला पट्टा. कारखान्यात ते शेवटच्या तपासणीला होते. गाडीचं दार आणि बॉडी यांच्यामधली फट मोजायची, हे त्यांचं काम. सगळीकडून ती फट सारखी असली पाहिजे. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर मुकुंदराव गाडी सोडत नसत. एकदा कुणा मोठ्या साहेबाला दाखवायची गाडी त्यांनी अडवली. साहेब येऊन उभा, सगळे घड्याळाकडे बघतायत, आणि हे दाराशी वाकलेले. माझा नवरा श्रीकांत तिथे होता. तो सांगायचा, फोरमन हात जोडायचा बाकी राहिला, पण मुकुंदरावांचं एकच पालुपद: "दोष पुढच्या स्टेशनला द्यायचा नाही. आधी काढायचा, मग गाडी पुढं." साहेब वीस मिनिटं थांबला म्हणे. आमच्याकडे चहाला आले तरी यांचं लक्ष ओट्याखालच्या कपाटाकडे. बोलता बोलता बसचं तिकीट त्याच्या दाराच्या फटीत घालून बघायचे आणि मान हलवायचे. मी एकदा म्हटलं, "मुकुंदराव, भाड्याचं आहे ते. फट मालकाची आहे." ते हसले, पण पुढच्या वेळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले.

त्यांचा लाडका स्वार म्हणजे हान्नेस. आता या शर्यती म्हणजे आठवडा, दोन आठवडे, कधी तीन आठवडे. रोज नवं गाव, रोज नवा टप्पा. संघात आठ-नऊ जण, त्यातला एक जिंकायचा आणि बाकीच्यांनी त्याच्यासाठी राबायचं. हान्नेस हा राबणाऱ्यांतला. मागच्या गाडीपर्यंत यायचं, जर्सीत सात-आठ बाटल्या खुपसायच्या, आणि पुन्हा पुढे जाऊन सगळ्यांना पाणी द्यायचं. तो कधी पहिल्या पन्नासात येत नसे. पण तो आमच्या भागातला, शेजारच्याच सायकल क्लबात वाढलेला. "जिंकणाऱ्याचा फोटो कुणीही लावतो," मुकुंदराव म्हणायचे. "पाणी वाहणाऱ्याला कोण ओळखतं? मी ओळखतो." कारखान्यात वीस वर्षं फटी मोजणाऱ्या माणसाला तो का आवडत असेल, हे मला न सांगता समजलं.

एका उन्हाळ्यात त्यांनी आम्हाला सोबत नेलं. श्वार्त्सवाल्डच्या जंगलातला कुठलासा घाट. सकाळी आठलाच रस्त्याकडेला खुर्च्या टाकून आम्ही बसलो. मुकुंदरावांनी बादल्या काढल्या, चुन्यात डिंक घातला, आणि शिपायाच्या शिस्तीने चाळीस पावलं मोजून 'हान्नेस' लिहिलं. आधी सगळी अक्षरं, मग शेवटी एका दमात शिरोरेषा. शेजारच्या तंबूतले श्वाबियन, म्हणजे त्याच भागातले, म्हातारे बिअरच्या बाटल्या हातात धरून ते बघत राहिले. शैलाताईंनी गॅसच्या शेगडीवर पोहे केले, ते त्या म्हाताऱ्यांनीही खाल्ले. सहा तास वाट पाहिली. आणि मग शिट्ट्या, मोटारसायकली, एक रंगीत लोंढा, की संपलं. दीड मिनिट. "एवढ्यासाठी?" मी विचारणार होते, पण तेवढ्यात सगळ्यांच्या मागून एकटा हान्नेस आला. बाटल्यांनी जर्सी फुगलेली, चेहरा राखेसारखा. मुकुंदराव त्याच्या बाजूने धावले, दुखऱ्या गुडघ्यानिशी, "चल रे, चल रे माझ्या राजा" असं मराठीत ओरडत. त्याने रिकामी बाटली रस्त्याकडेला फेकली. ती मुकुंदरावांनी उचलली आणि घरी नेऊन देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली. शैलाताईंनी कपाळाला हात लावला, पण बाटली तिथून हलवली नाही.

त्यांची मुलगी रेणू. तिच्याबद्दल लिहायचं मी मघापासून टाळते आहे.

रेणू त्या वेळी पंधरा-सोळा वर्षांची होती. लांब हात, लांब पाय, गालावर उन्हाचे डाग. हान्नेसच्याच क्लबात सायकल चालवायची. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमधून. मुकुंदराव मराठीत विचारणार, "किती वेळ लागला गं चढाला?" आणि ही जर्मनमध्ये मिनिटं-सेकंद सांगणार. मग हे "गेनाऊ!", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणून वहीत लिहून घेणार. बापलेकीचं बोलणं असं दोन भाषांतून चालायचं आणि कधी अडायचं नाही. रविवारी दोघं पहाटे निघत. पोरगी पुढे, बाप मागे स्कूटरवर. ती चांगली होती, खरंच चांगली. क्लबचे ट्रेनर म्हणत, की हान्नेसनंतर असे पाय पाहिले नाहीत. त्या वाक्यावर मुकुंदराव महिनाभर तरंगत होते. त्याच सुमारास त्यांनी टेकडीवरच्या गावात छोटं घर घेतलं. आमच्यापासून वीस मिनिटांवर, गावाला जायला चढाचा एकच रस्ता. "रेणूला दारातच सराव," ते म्हणाले.

ती सतरा वर्षांची झाली त्या वसंतातली गोष्ट. मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमासाठी श्रीखंड करायला मी त्यांच्याकडे गेले होते. तिकडे आम्ही चक्क्याऐवजी क्वार्क वापरायचो. तो फडक्यात बांधून नळाला टांगला होता. मुकुंदराव टेबलाशी वेलची सोलत होते. रेणू आत आली, सायकलचे बूटही न काढता. त्या बुटांनी फरशीवर टकटक आवाज झाला.

"बाबा," ती म्हणाली. आणि पुढचं सगळं मराठीत बोलली. अडखळत, शब्द शोधत, पण मराठीत. "ट्रेनरनी मला गोळ्या दिल्या. दोनदा. म्हणाले, घरी नाही सांगायचं. मी नाही घेतल्या. आज मला टीममधून काढलं."

मुकुंदराव वेलची सोलायचे थांबले. "कसल्या गोळ्या?"

"माहीत नाही. कागदात होत्या."

"आल्झो, म्हणजे व्हिटॅमिनच्या असतील."

"मग घरी का नाही सांगायचं?"

मुकुंदरावांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. फट दिसलेली होती. अर्धा मिलिमीटर हेरणाऱ्या माणसाला ती दिसली नाही, असं मी आजही मानत नाही. पण ती दिसली म्हटलं असतं तर फळीवरची बाटलीही हातात घेऊन बघावी लागली असती. ते एकदम कडाडले. "टीममधून काढलं म्हणून असं बोलतेस? मेहनत कमी पडली असेल! ज्या माणसानं हान्नेस घडवला, त्याच्याबद्दल बोलतेयस तू. हान्नेस पाणी वाहतो, पाणी! त्याला गोळ्या कशाला लागतील?"

"मी खोटं नाही बोलते, बाबा."

शैलाताई ओट्याशी होत्या. रेणूने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काकू?" ती म्हणाली.

मी नळाला टांगलेलं फडकं पिळायला घेतलं. दुसऱ्याच्या घरातलं भांडण, आपण कशाला मध्ये पडा, असा शहाणा विचार मी केला. माझा त्या मुलीवर विश्वास होता. पण मी एक शब्द बोलले नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढचं शैलाताईंनी फोनवर सांगितलं. शनिवारी मुकुंदराव रेणूला घेऊन क्लबात गेले आणि सगळ्या मुलांसमोर तिला ट्रेनरची माफी मागायला लावली. ती म्हणाली, "एन्टशुल्डिगुंग." ट्रेनरने तिच्या खांद्यावर थोपटलं. घरी येऊन तिने सायकल तळघरात उलटी करून ठेवली, आणि त्यानंतर बापाने मराठीत विचारलेल्या प्रश्नांना ती जर्मनमध्येही धड उत्तर देईनाशी झाली. 'या' किंवा 'नाइन', हो किंवा नाही, एवढंच.

त्याच ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या एका मोठ्या शर्यतीचा एक टप्पा नेमका त्यांच्या गावच्या चढावरून जाणार होता. मुकुंदरावांना आभाळ ठेंगणं झालं असतं एरवी. या वेळी ते नुसते हट्टाला पेटले होते. चुना नको, म्हणाले. पावसात जातो, टायरने पुसतो. रस्त्याचे पट्टे आखायचा पक्का पांढरा रंग त्यांनी कुठूनसा मिळवला. "आता दहा वर्षं जाणार नाही," ते मला म्हणाले. त्या दिवशी त्यांनी जे नाव लिहिलं तसं सुरेख अक्षर मी कधी पाहिलं नाही. गावाबाहेरच्या वळणापासून बसथांब्याच्या अलीकडपर्यंत पसरलं होतं. लोक फोटो काढत होते, गावच्या बातम्यांच्या पानावर तो फोटो आला. हान्नेस बाटल्या घेऊन त्यावरून गेला आणि त्याने हात हलवला. मुकुंदराव धावले नाहीत. नुसते उभे राहिले, मान ताठ ठेवून, कुणाला तरी काहीतरी सिद्ध करून दाखवल्यासारखे. ज्या मुलीला ते दाखवायचं होतं ती घरात पडदा ओढून बसली होती.

त्यानंतर शाळेचं अख्खं शेवटचं वर्ष रेणू रोज सकाळी बसने त्या नावावरून खाली गेली आणि रोज दुपारी त्यावरून वर आली.

पुढच्या मे महिन्यात एकामागून एक स्वार टीव्हीवर येऊन उत्तेजक औषधं घेतल्याची कबुली देऊ लागले. मुकुंदराव म्हणायचे, "हे सगळे जिंकणारे. लोभ सुटतो माणसाला." मग एका दुपारी टीव्हीवर हान्नेस आला. निळा शर्ट, हातात कागद. मी माझ्या घरी पाहत होते. मीही घेतलं, तो म्हणाला, इतकी वर्षं घेतलं. शेवटी कागद खाली ठेवला आणि न वाचता म्हणाला की सुरुवात सतराव्या वर्षी झाली, माझ्या पहिल्या क्लबात, कागदात बांधलेल्या गोळ्यांनी. घरी सांगायचं नाही, असं मला सांगितलं होतं.

शैलाताई म्हणाल्या, मुकुंदरावांनी टीव्ही बंद केला, बाटली फळीवरून उचलली आणि ती ठेवायची कुठे ते न कळून अर्धा तास हातात धरून बसले. रेणू वर परीक्षेचा अभ्यास करत होती. ते जिना चढून तिच्या दारापर्यंत गेले, बाहेर उभे राहिले, आणि खाली आले. असं बरेच दिवस चाललं. शैलाताई चिडून म्हणाल्या, "अहो, एक वाक्य आहे. बोलून टाका." त्यावर ते म्हणाले, "नुसत्या बोलण्यानं काय होतंय? आधी ते रस्त्यावरचं काढतो. मग बोलतो."

मला हे कळलं तेव्हा मी फोनवरच ओरडले, "ते काय गाडीचं दार आहे का?" पण मुकुंदरावांना दुसरी रीत येतच नव्हती. दोष आधी काढायचा, मग गाडी पुढे. त्या जुलैत याच औषधांच्या प्रकरणापायी टीव्हीवाल्यांनी फ्रान्समधली मोठी शर्यत दाखवणं मध्येच थांबवलं. त्यांच्या घरातला टीव्ही त्याच्या कितीतरी आधी बंद पडला होता. दर रविवारी ते तारेचा ब्रश, थिनर आणि घमेलं घेऊन रस्त्यावर जात. रंग जात नव्हता. एकेक काना-मात्रा निघायला चार-चार रविवार. ऑक्टोबरात रेणू ब्राउनश्वाइगला शिकायला गेली. शिकायला जाण्यासारखी गावं जवळ कमी नव्हती, तिने लांबचं निवडलं. निघताना बस त्याच रस्त्याने गेली. बोलणं झालंच नव्हतं.

त्या डिसेंबरात श्रीकांतला कोलोनला नोकरी लागली. निघण्याआधी शैलाताईंना भेटावं म्हणून नाताळच्या आदल्या रविवारी दुपारी आम्ही टेकडीकडे निघालो. चढाच्या मध्यावर मुकुंदराव दिसले. नारिंगी जाकीट, गुडघ्यांखाली पोतं, हातमोजे फाटलेले. थंडीने त्यांचं नाक लाल झालं होतं. श्रीकांतने गाडी कडेला घेतली आणि मी उतरले.

अर्धं नाव गेलं होतं. गेलं म्हणजे काय, पांढऱ्याच्या जागी खरवडलेला भुरकट डाग राहिला होता, आणि त्या डागातही अक्षर ओळखू येत होतं. बाकीचं अर्धं लख्ख होतं.

"वहिनी," ते म्हणाले, उठले नाहीत. "आज रेणू येतेय. तीनच्या बसनं. तोवर होईल असं वाटलं होतं."

"मुकुंदराव, हे होणार नाही."

"चुना असता तर गेला असता."

"चुना नाहीये. उठा आता. ती आली की तोंडानं सांगा."

"सांगणार ना. आधी एवढं..." आणि ते परत घासू लागले. ब्रशचा आवाज दातांत शिरत होता. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

खालून बसचा आवाज आला. मी त्यांना दंडाला धरून कडेला ओढलं. बस हळू झाली, आमच्या अगदी जवळून गेली. मागच्या खिडकीत रेणू होती, केस कापलेली, मांडीवर सॅक. मुकुंदरावांनी ब्रश धरलेलाच हात वर केला. बस वर गेली आणि थांब्याकडे वळली.

"तिनं बघितलं का हो?" त्यांनी विचारलं. "थिनरनं डोळ्यात पाणी येतं, मला नीट दिसलं नाही."

"बघितलं."

"माझ्याकडं?"

हो म्हणणं सोपं होतं. पण त्या स्वयंपाकघरात मी एकदा सोपं ते केलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "रस्त्याकडे."

उरलेल्या पांढऱ्या अक्षरांकडे त्यांनी पाहिलं, जिन्यावर उजेडात पाहिलं होतं तसंच, डोकं तिरकं करून. मग हातमोजे काढले, ब्रश घमेल्यात टाकला, आणि घमेलं, पोतं, डबा सगळं रस्त्याकडेला तसंच सोडून ते बसच्या मागे चढ चढू लागले. "गाडीत बसा, सोडतो," श्रीकांत म्हणाला. त्यांना ऐकू गेलं नसावं. गुडघा दुखत होता, म्हणून एक पाय ओढत होते. उरलेल्या अर्ध्या नावावरूनच ते गेले, एकदाही खाली न बघता. आम्ही ते वळणाआड जाईपर्यंत थांबलो, आणि मग शैलाताईंना न भेटताच गाडी वळवली.